पारसिकचा डोंगर विझलेला ज्वालामुखी आहे का?

‘पारसिकचा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी’ असं मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगतं आणि पुरावा म्हणून दगडातली भोकं दाखवतं. दगड लाव्ह्याचाच, हे खरं. पण तो या डोंगराच्या माथ्यातून उसळलेला नाही. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले. पुढे आजूबाजूचा भाग झिजून गेला. उरला तो डोंगर.

भोकं म्हणजे थिजत्या लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. नंतर झिरपलेल्या पाण्यातून त्यांत क्वार्ट्‌झ, कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजं जमली. म्हणजे पोकळीतले स्फटिक दगडापेक्षा वयाने लहान! (खडीत ते चमकले की ‘हिरा सापडला’ म्हणणारेही भेटतात. हिरा दीडशे किलोमीटर खोलीवर घडतो, बुडबुड्यात नाही.)

मग वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं? तिथेही खाली लाव्हा उकळत नाही. भेगांतून खोल उतरलेलं पावसाचं पाणी भूगर्भातल्या उष्णतेनं तापून वर येतं. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. पाणी तापायला एवढं पुरतं.