घारापुरीच्या केबलआधी : समुद्राखालून बेटांकडे वीज कशी गेली

सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची उपकरणं) बनवणाऱ्या नाशिककरांना केबलची जमिनीवरची टोकं चांगली ओळखीची आहेत. पाण्याखालच्या भागाचं गणित वेगळं असतं. महावितरणने फेब्रुवारी २०१८ मध्ये घारापुरीला सुमारे ७.५ किलोमीटर लांबीच्या समुद्री केबलने वीज दिली. त्याआधी बेटावर रोज काही तास जनरेटर चालायचा.

एवढ्या अंतराला एसी, म्हणजे घरी येतो तसा दिशा बदलत राहणारा करंट, पुरतो. केबल हा लांबलचक कपॅसिटरच, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटकच, असतो, त्यामुळे भार शून्य असला तरी तिच्यात चार्जिंग करंट वाहतो. २२ केव्हीच्या (किलोव्होल्ट) केबलला किलोमीटरमागे ०.२ मायक्रोफॅरड साठवणक्षमता धरली, तर ७.५ किलोमीटरला हा करंट जेमतेम ६ अँपिअर होतो. पण २२० केव्ही, १०० किलोमीटर आणि ०.१५ मायक्रोफॅरड धरा, तो ६०० अँपिअरच्या आसपास जातो. तांब्याची बरीचशी क्षमता त्यातच खर्ची पडते.

म्हणूनच १९५४ मध्ये स्वीडनने गोटलँड बेटासाठी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, निवडला; त्यात चार्जिंग करंट सतत वाहत नाही : सुमारे ९८ किलोमीटर, १०० केव्ही, २० मेगावॅट. केबल एकच, परतीचा करंट समुद्रातून. उनो लाम यांनी विकसित केलेल्या पारा-आर्क व्हॉल्व्हमुळे, म्हणजे एसीचा डीसी आणि डीसीचा एसी करणाऱ्या उपकरणामुळे, हे जमलं. तेव्हाचं इन्सुलेशन तेलकट मिश्रणात मुरवलेल्या कागदाचं होतं. एक्सएलपीई हे खास प्रक्रिया केलेलं पॉलिथिन नंतर आलं. त्यात पाणी शिरलं की सूक्ष्म फांद्यांसारखे तडे वाढत जातात. म्हणून उच्च दाबाच्या केबलला शिशाचं आवरण देतात, त्यावर पॉलिथिन आणि बाहेरून जस्त चढवलेल्या पोलादी तारांचं चिलखत. सिंगल-कोअर (आत एकच वाहक असलेल्या) एसी केबलला मात्र पोलादी चिलखत महागात पडतं : चुंबकीय नुकसान वाढून ते तापतं.

सर्वात महागडा धडा मिळाला तो इंग्लिश खाडीत. १९६१ ची इंग्लंड-फ्रान्स केबल तळावर नुसतीच ठेवली होती. जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी तिला वारंवार तोडत. १९८६ च्या नव्या जोडणीत केबल सुमारे दीड मीटर खोल चरात पुरल्या. तेव्हापासून क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच आहे : तळाचं सर्वेक्षण, मार्गावरची जुनी दोरखंडं आकड्याने ओढून काढणं, मग केबल सोडणं आणि शेतातल्या नांगरासारख्या अवजाराने किंवा पाण्याच्या झोतांनी ती गाळात पुरणं. कठीण खडकावर पुरणं जमत नाही, तिथे वर दगड टाकतात. केबल दोन उंचवट्यांवर अधांतरी राहिली, तर प्रवाहाने थरथरून चिलखत झिजतं.

दुरुस्तीत तुटलेली दोन्ही टोकं जहाजावर ओढून मध्ये नवा तुकडा जोडावा लागतो. त्यामुळे वाढलेली लांबी तळावर बाजूला वळवून ठेवतात, आणि हा सुटा तुकडा व जोडसाहित्य पहिल्या खरेदीतच घेतलेलं हवं.