भाचा, चावी आणि गाडीचा हिशेब

घोडबंदर रोडला आमची गाडी दुसऱ्या बेसमेंटला असते आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर. रविवारी भाच्याच्या हाती गाडीची चावी लागली आणि साहेब तासभर बटण दाबत बसले. "अरे, सेल संपेल ना!" ताई ओरडली. मला काळजी वेगळीच. खाली गाडी आता आपल्याला ओळखणार का?

कारण चावी दर वेळी नवा आकडा पाठवते. बटण दाबलं की आतल्या तीन व्होल्टच्या चपट्या सेलवर चिप जागी होते आणि ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर छोटासा संदेश सोडते. चावी कुठली, बटण कुठलं आणि कुलूपबंद केलेला एक आकडा, एवढंच त्यात असतं. हा आकडा दर दाबण्याला एकाने वाढतो. तो उलगडायचं गुपित गाडीलाही ठाऊक असतं. आकडा मागच्यापेक्षा पुढचा निघाला तरच दार उघडतं. त्यामुळे उघडून झालेल्या दाराचा संदेश कुणी टिपला आणि रात्री पुन्हा सोडला, तरी गाडी ढिम्म.

मग चोरांनी आकड्यांचा नादच सोडला. चावी खिशातच ठेवून उघडणाऱ्या गाड्यांत गाडीच हाक मारते, तीही जेमतेम मीटर-दोन मीटर पोचणारी. चावीने ओ दिली की मालक जवळ आहे असं गाडी धरून चालते. माझ्या मते हा भाबडेपणा. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ही हाक मध्येच उचलून लांबच्या चावीपर्यंत पोचवली, आणि तपासलेली दहाही मॉडेल्स फसली. आकडा फोडावाच लागला नाही.

तर भाचा. त्याचे आकडे इतक्या स्लॅबमधून खाली पोचणं शक्यच नव्हतं. चावी पन्नास-साठ आकडे पुढे, गाडी होती तिथेच. पण असं होणारच, हे बनवणाऱ्यांनी धरलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत चाललेल्या 'कीलॉक' पद्धतीत साधारण पुढचे १६ आकडे गाडी मुकाट्याने चालवून घेते. त्यापुढचा आकडा आला तर लगेच दार उघडत नाही, लागोपाठचा आणखी एक मागते. दोन्ही जुळले की हिशेब तिथून पुढे सुरू.

संध्याकाळी खाली गेलो. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. टुक-टुक. "मी दाबू?" मागून आवाज आला.