गाडीच्या विम्याची कंपनी बदलली की नो क्लेम बोनस बुडतो?

नाही बुडत. हा बोनस, म्हणजे वर्षभर दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, कंपनीचा नसतो, गाडीचाही नसतो. तो मालकाचा असतो. तरी नूतनीकरणाच्या फोनवर ही भीती हमखास घातली जाते.

सूट फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्यावर) नाही. विनादावा वर्षांनुसार ती 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के अशी चढते. घोळ होतो तो फॉर्म भरताना. समजा जुन्या पॉलिसीवर 25 टक्के छापलेले आहेत, ते चालू वर्षाचे. यंदा दावा केला नसेल तर नव्या पॉलिसीत 35 मिळायला हवेत. ऑनलाइन फॉर्म बहुधा जुना आकडाच विचारतो आणि पुढची पायरी स्वतः धरतो. तिथे 35 टाकलेत तर 45 लागतील, आणि चूक नेमकी दाव्याच्या वेळी उघडी पडेल. दावा केलेला असताना ‘नाही’ म्हणणे तर त्याहून महागात पडते: नवी कंपनी जुनीकडे खातरजमा करते, दावा नाकारूही शकते.

बोनस खरा बुडतो तो पॉलिसीची मुदत संपून 90 दिवस उलटल्यावर. त्याआधीही खंड पडला तर गाडीची तपासणी आलीच. म्हणून जुनी पॉलिसी संपते त्याच मध्यरात्रीपासून नवी सुरू करा.