पोकळीतला ईश्वर

विज्ञानाला आज ज्याचा उलगडा करता येत नाही, तेच ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मानणाऱ्या युक्तिवादाला ‘पोकळीतला ईश्वर’ असे नाव आहे. ते टीकाकारांनी दिलेले आहे, आणि त्या टीकाकारांत श्रद्धावंतांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

सर्वांत बोलके उदाहरण न्यूटनचे. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षांत बारीकसारीक फरक पडतात. हे फरक साचत गेले तर कधीतरी सगळी व्यवस्था पुन्हा नीट लावावी लागेल, असे त्याने ‘ऑप्टिक्स’च्या अखेरीस जोडलेल्या प्रश्नांत लिहिले. ती लावणारा अर्थातच ईश्वर. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सला हे पटले नाही. आपल्याच घड्याळाला अधूनमधून चावी द्यावी लागणारा कारागीर कच्चा ठरतो, असा त्याचा १७१५ मधील आक्षेप होता. लायब्निट्सही ईश्वर मानणाराच होता.

पुढे निरीक्षणांवरून गुरूचा वेग वाढताना आणि शनीचा मंदावताना दिसू लागला. म्हणजे न्यूटनची भीती खरी ठरण्याचीच चिन्हे. १७८५ च्या सुमारास फ्रेंच गणिती लाप्लासने त्याचे गणित मांडले. शनीच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात गुरूच्या जवळजवळ पाच होतात. त्यामुळे त्यांची परस्परांवरील ओढ बराच काळ एकाच बाजूने साचते, मग उलटते आणि सुमारे ९०० वर्षांत हे चक्र पुरे होते. जिथे ईश्वराचा हात दिसला होता, तिथे एक लांबलचक झोका निघाला.

असे घडले की श्रद्धेलाच धक्का बसतो. म्हणून हेन्री ड्रमंड या स्कॉटिश धर्मप्रचारकाने १८९४ च्या ग्रंथात, निसर्गातल्या पोकळ्या धुंडाळून त्या ईश्वराने भरू पाहणाऱ्यांना बजावले. दीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मचिंतकाने नाझींच्या तुरुंगातून मे १९४४ मध्ये लिहिलेल्या पत्राचा आशयही हाच आहे : ज्ञानाची सीमा पुढे सरकली की असा ईश्वर मागे हटत राहतो, त्याला शोधायचे तर आपल्याला जे कळले आहे त्यात शोधावे. विश्वाच्या स्फोटक आरंभाची कल्पना मांडणारा झॉर्झ लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्या सिद्धांतात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाला तो लमेत्रच. सिद्धांत धर्माच्या प्रश्नांबाहेरच राहावा, असे त्याचे मत होते.

विज्ञानाच्या मर्यादा मात्र एकाच जातीच्या नाहीत. ‘अजून माहीत नाही’ ही एक जात. जीवसृष्टीचा आरंभ नेमका कसा झाला, हा प्रश्न तिच्यातला. दुसरी जात पद्धतीचीच मर्यादा. काय आहे यावरून काय असावे हे निघत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४० मध्ये दाखवले. कोणतेही मोजमाप हे अंतर मिटवत नाही. निसर्गाला नियम मुळात का असावेत, हाही असाच प्रश्न, कारण विज्ञानाचे काम नियम गृहीत धरूनच सुरू होते. श्रद्धेच्या बाजूचे गंभीर युक्तिवाद इथून निघतात. हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व (१९२७) आणि गोडेलचे अपूर्णतेचे सिद्धांत (१९३१) यांना साक्षीला बोलावणे चुकीचे आहे. पहिले सूक्ष्म कणांचे स्थान आणि गती यांविषयी, दुसरे आकारिक, म्हणजे ठरावीक गृहीतके व नियमांवर उभ्या, गणिती व्यवस्थांविषयी आहेत. त्यांतून ईश्वर निघत नाही.

न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेने पोकळीचा आधार घेतलाच नाही. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजलि’मधला प्रमुख हेतू, म्हणजे ईश्वर सिद्ध करण्यासाठी दिलेले कारण, असा : जग हे कार्य आहे, आणि घटाला जसा कुंभार तसा प्रत्येक कार्याला कर्ता असतो. या धाटणीच्या अनुमानावर बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने सातव्या शतकातच बोट ठेवले होते. घट मातीचा म्हणून कुंभाराचा, असे म्हटले तर वारूळही मातीचेच. मग तेही कुंभाराने केले म्हणायचे का? हा वाद मला आजच्या बहुतेक चर्चांहून सकस वाटतो, कारण यात दोन्ही बाजू माहीत असलेल्या गोष्टीवरून बोलतात.

पुराव्याशिवाय विश्वास ठेवावाच का, हा वेगळा प्रश्न. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे केव्हाही गैर, असे इंग्रज गणिती व तत्त्वज्ञ डब्ल्यू. के. क्लिफर्डने १८७७ मध्ये ठासून सांगितले. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये त्याला उत्तर देताना सवलत मागितली, पण मोजकी : निवड टाळता न येणारी हवी, महत्त्वाची हवी, आणि तिचा निकाल बुद्धीने लागणे शक्य नसावे. गुरू-शनीचा प्रश्न या सवलतीत बसत नाही, कारण त्याचा निकाल गणिताने लागला.