दोन तासांचं अंतर ठेवलं की कुठलीही दोन औषधं चालतात?

हा समज अर्धवट खरा आहे, म्हणूनच जास्त घातक. लिव्होथायरॉक्सिनसोबत कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली, तर थायरॉईडचं औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही. तिथे अंतर उपयोगी पडतं, पण किमान ४ तासांचं. वॉर्फरिनचं मात्र तसं नाही. रक्त गोठू न देणाऱ्या या औषधाचा परिणाम काही दिवस टिकतो. त्यात अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतली, मग ती सकाळी घ्या की रात्री, रक्तस्रावाचा धोका वाढतोच. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक तर औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइमच अडवतं आणि सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण चढत जातं. स्नायूंना इजा होते ती यातूनच. नवी गोळी सुरू करण्याआधी चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना सांगा, सर्दीची गोळी आणि वनौषधीसुद्धा.