रुग्णालयात एमबीआर बसवताय? आधी पाण्याचा हिशोब, मग अर्ज

एमबीआर म्हणजे मेम्ब्रेन बायोरिअॅक्टर: जिवाणू आणि अतिबारीक छिद्रांचा पडदा (मेम्ब्रेन) वापरून सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. ‘एमबीआर घेतला की बोर्डाचं (प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) काम झालं’ असं प्लांट विकणारा छातीठोकपणे सांगतो. कायद्यात मात्र मेम्ब्रेनचं नावही नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ च्या दुसऱ्या अनुसूचीत फक्त बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या मर्यादा आहेत: सामू ६.५ ते ९, आणि लिटरमागे निलंबित घनपदार्थ १००, तेल-ग्रीस १०, बीओडी ३०, सीओडी २५० मिलिग्रॅम (शेवटचे दोन म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किंवा रसायनाने मोडायला लागणारा ऑक्सिजन). वर माशांची परीक्षा. पातळ न केलेल्या या पाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत.

या मर्यादा कोणाला? गटाराला जोडणी नाही, किंवा गटार आहे पण त्याच्या शेवटी शुद्धीकरण केंद्र नाही, अशा रुग्णालयांना. शेवटी केंद्र असेल तर सार्वजनिक गटाराची सर्वसाधारण मानकं लागतात आणि ती बरीच सैल आहेत. तिथे बीओडी ३५० पर्यंत चालतो. मात्र संमतीपत्रात मंडळ याहून कडक आकडा घालू शकतं, आणि मग तोच पाळावा लागतो. खाटा नसलेल्या दवाखान्याला प्लांट लागत नाही, संसर्गजन्य द्रव निर्जंतुक करून सोडणं पुरतं. १० पेक्षा कमी खाटा असलेल्यांना सूट आहे असं अजून ऐकू येतं. या मर्यादा गाठायला त्यांना दिलेली मुदत ३१ डिसेंबर २०१९ लाच संपली.

जागा अपुरी असेल आणि शुद्ध पाणी फ्लशला किंवा बागेला वापरायचं असेल, तर एमबीआरचा खर्च पटतो. एरवी साधा प्लांटही मर्यादेत बसतो, हे माझं स्पष्ट मत.

अर्ज

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दोनदा जावं लागतं, दोन्ही वेळा ऑनलाइन. बांधकामाआधी स्थापना संमती, रुग्णालय सुरू करण्याआधी संचालन संमती. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २५ चा हा भाग. जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र, म्हणजे नमुना २ चा अर्ज, दुसऱ्या टप्प्यात संमतीसोबतच होतो. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्यामुळे सीएचा दाखला आधी काढून ठेवा. बाकी कागद ओळखीचेच: नर्सिंग होम नोंदणी, जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राचं सदस्यत्व, पाणीपट्टीचं बिल, जनरेटरची माहिती, प्लांटचं डिझाइन आणि ड्रेनेज लाइनचा आराखडा.

अर्ज अडतो तो शेवटच्या दोन कागदांवर. हिशोब असा करा. १०० पर्यंत खाटांच्या रुग्णालयाला भारतीय मानकानुसार खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी धरतात, त्यापुढे ४५०. ६० खाटांना झाले २०,४०० लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर साधारण १६,३०० लिटर, म्हणजे २० केएलडीचा (दिवसाला २० हजार लिटरचा) प्लांट. अर्जात १० केएलडी लिहिलं आणि पाण्याचं बिल रोजच्या २० हजार लिटरचं निघालं, की क्वेरी आलीच.

एका ४० खाटांच्या रुग्णालयाच्या पाहणीला मी हजर होतो. कागद चोख होते. अधिकाऱ्यांनी गच्चीवर जाऊन लाँड्रीच्या मशीनचा पाइप हाताने माग काढत खाली आणला, तर तो थेट पावसाळी गटारात! नकाशात लाँड्रीच नव्हती. पाइप वळवून, नवा आराखडा देऊन पुन्हा रांगेत.

डिझाइनच्या कागदात एमबीआरच्या खुब्या स्वच्छ लिहा. मेम्ब्रेनची छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या-शंभराव्या भागाची, म्हणून गाळ बसवायची वेगळी टाकी लागत नाही आणि टाकीत लिटरला ८ ते १२ हजार मिलिग्रॅम जिवाणूंचा गाळ ठेवता येतो. पण कापूस, केस, गॉजचे धागे त्यात गुंततात, तेव्हा आधी बारीक जाळी हवीच. पॅथॉलॉजीचं हायपो (जंतुनाशक हायपोक्लोराइट) मिसळलेलं पाणी थेट आत गेलं तर जिवाणू मरतात. नियमानेही प्रयोगशाळेचं पाणी वेगळं गोळा करून, आधी प्रक्रिया करून मगच सोडायचं आहे. आणि शेवटी निर्जंतुकीकरणाचं क्लोरीन जास्त झालं तर माशांच्या परीक्षेत नापास. त्यामुळे उरलेलं क्लोरीन काढायची सोय दाखवा.

कायद्याप्रमाणे ४ महिन्यांत निर्णय आला नाही तर संमती मिळाली असं मानतात. त्यावर विसंबून राहू नका, क्वेरीची उत्तरं त्याच आठवड्यात द्या. नकार आला तर कलम २८ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येतं. दरवर्षी ३० जूनपर्यंत जैववैद्यकीय कचऱ्याचा नमुना ४ मधला वार्षिक अहवाल असतोच.

प्लांटमधला गाळ मात्र ड्रेनेजच्या टँकरवाल्याला देऊ नका. तो सामायिक केंद्राकडे जाळायला किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जातो, आणि संमतीच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याच्या पावत्या दाखवाव्या लागतात.