आई दिसली की रडारड का?

तासगावच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी आणि डिपिंगची (घड औषधाच्या पाण्यात बुडवायची) कामं लागली, की मजूर टोळीची गाडी सकाळीच बायकांना घेऊन जाते आणि दिवस मावळताना सोडते. दिवसभर अंगणवाडीत आणि मग आजीजवळ शहाण्यासारखं राहिलेलं चार वर्षांचं पोर आई दारात दिसताच भोकाड पसरतं. ‘तू आलीस की याचे लाड सुरू’, असं घरातलं कुणीतरी म्हणतंच.

लाड नव्हेत ते. राग, भूक, कंटाळा आवरण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि तो या वयात फारच कच्चा असतो. दिवसभर कसंबसं आवरून धरलेलं पोर सगळ्यात भरवशाच्या माणसासमोर सोडून देतं. परतीचा हा क्षण किती बोलका असतो, ते मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांच्या निरीक्षणातून हेरलं होतं: आई जाताना मूल किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, यावरून नात्याचा अंदाज अधिक चांगला येतो.

म्हणून परतीची पहिली काही मिनिटं मोलाची. पण बागेतून आलेल्या आईने मुलाला लगेच उचलू नये, कारण साडीला आणि हातांना फवारणीचं औषध असतं. इथेच गडबड होते. ‘थांब, शिवू नकोस’ म्हणत आई मोरीत शिरते आणि मुलाला वाटतं, आपल्याला ढकललं. त्यापेक्षा गाडीतून उतरताच नाव घेऊन हाक मारा, डोळ्यांत बघा आणि सांगा, ‘हात धुते, साडी बदलते, मग तुझ्याजवळ बसते.’ पाणी ओतायला तांब्या त्याच्याच हाती द्या. आणि कपडे बदलल्यावर चुलीकडे न वळता खरंच बसा.

बसायचं ते दहा मिनिटं, पाच मिळाली तरी चालतील. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेल्या पालक-बालक उपचारपद्धतीत घरचा अभ्यास रोज पाच मिनिटांचाच असतो. नियम सोपे, पाळायला अवघड: खेळ मूल ठरवणार, आईने प्रश्न, हुकूम आणि टीका तिन्ही बंद ठेवायची. मूल काड्यापेटीच्या रिकाम्या खोक्यांची गाडी करत असेल, तर ‘ही कुठल्या रंगाची? किती खोकी झाली?’ नको. ‘लाल खोकं पुढं लावलंस. आता गाडी उसाच्या ट्रॉलीएवढी लांब झाली’, असं दिसेल ते बोलायचं आणि आपणही एक खोकं जोडायचं. प्रश्न विचारला की खेळाची परीक्षा होते आणि लगाम आईच्या हातात जातो.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. आईचा चेहरा अचानक निर्विकार झाला की तान्हं बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला बोलवतं आणि मग तोंड फिरवतं, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७०च्या दशकातल्या प्रयोगात दिसलं. स्क्रीनकडे लागलेला चेहरा त्यापासून फार लांब नाही.

सकाळी डोळा चुकवून निघायची आपल्याकडे जुनी रीत आहे. रडणं टळतं खरं, पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे मूल शिकतं आणि पदर सोडेनासं होतं. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो; तेच म्हणावं, आणि वेळ घड्याळाची न सांगता मुलाला कळेल अशी सांगावी: ‘गुरं परत आली की मी येते.’ एकदा निरोप घेतल्यावर मागे वळू नये. लांबलेला निरोप रडणं वाढवतो.

आणि एखाद्या दिवशी धपाटा बसलाच तर? ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांत चांगल्या जमलेल्या आई-बाळांचेही सूर सुमारे ३० टक्के वेळच जुळलेले होते. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं. तेव्हा दोघं शांत झाल्यावर सांगावं, ‘मी मारलं, माझं चुकलं. तुला लागलं, वाईट वाटलं.’ एवढंच. ‘पण तूही ऐकत नाहीस’ हे शेपूट जोडलं की माफीची तक्रार होते. त्या दिवशीची दहा मिनिटं शिक्षा म्हणून कापायची नाहीत, आणि गाडी उशिरा आल्याने हुकलीच तर दुसऱ्या दिवशी वीस करायची नाहीत. पुन्हा दहाच, त्याच जागी, त्याच वेळी.